बुडत नाही, एवढं खरं

नाही हो, बुडायची नाही ती — पाणी भरलं तरी नाही. घरी मिसेसना बिनधास्त सांगा. कॅटमरान आहे ही — म्हणजे जोडून ठेवलेल्या दोन होड्याच म्हणा ना — तळाला खाली ओढणारं शिशाचं वजन नाही, अंगात सगळा फोम, बुडणार कशी? एक बाजू पूर्ण भरली तरी तरंगतेच. वीस वर्षं होड्या दुरुस्त करतोय, उगाच बोलत नाही. या, वाकून बघा — ही नाकाजवळची आडवी भिंत. नाक कुठे आदळून फुटलं, तर पाणी या भिंतीपर्यंत — पुढे थेंब नाही. काय? ते भोक? ते... बुजवलंय आता. करंगळीएवढं होतं. पुढच्या दिव्याची वायर न्यायची होती — मीच पाडलं. धाकट्या भावाला निघायची घाई — दादा, आटप, वारा चांगलाय — म्हटलं, आधी दिवा लागतोय का बघू, मग बुजवू. दिवा लागला. आम्ही दोघं इतके खूश झालो की बुजवायचं राहूनच गेलं.

हो, पेपरात आली होती ती हीच होडी. सांगणारच होतो — नाही, खोटं कशाला बोलू, सांगणार नव्हतो. म्हणून तर नवा रंग दिलाय.

पण बुडली नाही हं. नऊ दिवसांनी सापडली — नाक फुटलेलं, एक बाजू डेकपर्यंत पाण्यात, तरी तरंगत. त्या भोकातून पाणी आत आलं, बॅटऱ्या गेल्या, पंप गेला, रेडिओ गेला — ती नाही गेली. माझं म्हणणं खरं ठरलं. भाऊ? भाऊ नव्हता तिच्यावर. लाटा अंगावर घेत, ओल्या अंगानं माणूस किती दिवस धरून बसेल — दोन? तीन? हा हिशेब मी केलाच नव्हता. फुगवायचा तराफा असतो ना, जीव वाचवायचा — तो भाऊ बरोबर घेत होता. मीच त्या तराफ्याची पेटी उतरवून ठेवली. जड असते, कॅटमरानला वजन सोसत नाही, वेग जातो. म्हटलं, अरे, बुडतच नाही ती, तराफा हवाय कशाला? हसला. दादा म्हणतोय म्हणजे झालं, म्हणाला. भावजय अजून माझ्याशी नीट बोलते — तिला पेटीचं माहीत नाही. कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय कुणास ठाऊक.

मुली केवढ्या म्हणालात? सहा आणि नऊ. हं.

शिडी तिकडे आहे, जपून उतरा. नाही, किंमत कमी करायचा प्रश्नच नाही. ही विकायची नाही. जा तुम्ही.