गॉगलवाल्याच्या तोंडातले आमचे हे

काकू : पिशवी ठेवा तिथंच आणि आधी माझं ऐका. ह्या माणसाला काही धरबंद उरलेला नाही. सकाळपासून ताट झाकून ठेवलंय. मी विचारलं, जेवणार ना? मान हलवावी, हात करावा, एवढं तरी करावं की नाही माणसानं? नाही. रिमोट उचलला, मागेपुढे खुडखुड केलं, आणि टीव्हीतला तो गॉगलवाला मला सांगतो...

टीव्ही : आधी काम. बाकी सगळं नंतर.

काकू : हे! हेच! ऐकलंत? आता तुमच्यासमोर पुन्हा लावून दाखवलं. काम म्हणे! खुर्चीतून उठायचे कष्ट नाहीत आणि काम.

शिकवणारी : म्हणजे काका त्या मालिकेतून उत्तरं देतात?

काकू : घशाच्या ऑपरेशननं आवाज नेला, तर हे असं. लेकीनं वाढदिवसाला सीडींचा डबा पाठवला. पोलिसांची ती जुनी मालिका, अख्खी, धुऊनपुसून नवी केलेली. तिला वाटलं, बाबांचं मन रमेल. रमलं की! असं रमलं की घरी परत यायला तयार नाही. कुठल्या सीडीत कुठलं वाक्य आहे ते ह्यांना तोंडपाठ. तहान लागली तरी सीडी बदलतात. 'पाणी' एवढ्या एका शब्दासाठी मला तळघरातली अख्खी मारामारी ऐकावी लागते.

शिकवणारी : (हसू आवरत) काकू, मी आत जाऊ का त्यांच्याकडे?

टीव्ही : आत या. दार उघडंच आहे.

काकू : जाऊ नका लगेच. तो गॉगलवाला हे म्हणाला आणि आत येणाऱ्याला त्यानं गोळी घातली. परवा गॅसवाला आला होता. दार वाजवलं, तर आतून 'हात वर'! बिचारा सिलिंडर तसाच टाकून पळाला. आता त्याच्या मागे मी हिंडायचं.

शिकवणारी : पण काकू, खरं सांगू? तो आवाज ऐकला आणि अंगावर काटा आला. लहानपणी आम्ही सगळी भावंडं ही मालिका बघायचो. त्याचा तो पांढरा कोट, ती लांबलचक गाडी, ओल्या रस्त्यावर चमकणारे दिवे... आणि त्यात हा आवाज. माझा भाऊ आरशासमोर उभा राहून तसंच बोलायचा. काकांना पुन्हा बोलायला शिकवायला आले तेव्हा मला ठाऊकही नव्हतं, की तो आवाज ह्यांचा.

काकू : ठाऊक होणार कसं? पडद्यावर नाव आलं का कधी? नट दिसायला राजबिंडा, पण तोंड उघडलं की वंगण न घातलेलं दार. म्हणून आमचे हे एका काळोख्या खोलीत बसून त्याच्या ओठांवर बोलायचे. धावायचा तो, दम लागायचा ह्यांना. बायका मरायच्या त्याच्यावर. माझ्या सख्ख्या नणंदेनं त्याचा फोटो कपाटात लावला होता. मी म्हटलं, अगं, आवाज तुझ्या भावाचा आहे, तर तीन महिने माझ्याशी बोलली नाही.

शिकवणारी : तुम्हाला केवढा अभिमान वाटत असेल.

काकू : अभिमान? बसा, सांगते तुम्हाला अभिमान. रोज संध्याकाळी हे घरी यायचे ते गळ्याला मफलर गुंडाळून. घसा राखायचा. घरात बोलायचं नाही. कोमट पाणी प्यायचं आणि बोटानं दाखवायचं, हे दे, ते दे. पोरं खेळताना ओरडली की मी त्यांना गच्चीवर पिटाळायची, कारण ह्यांना मोठ्यानं 'गप्प' म्हणायला लागू नये. भांडण झालं तरी मीच दोन्ही बाजूंनी भांडायची. सगळा आवाज त्या खोलीत रिकामा करून यायचे. घरी यायचं ते डबड्याच्या तळाशी राहिलेलं.

शिकवणारी : हे मला माहीत नव्हतं.

काकू : मी कुणाला सांगितलंय? लोक म्हणायचे, भाग्यवान आहात, असा आवाज रोज कानावर. मी हसायची. म्हटलं, हो, रोज. आठवड्यातून एकदा, जाहिराती धरून.

शिकवणारी : काकू... आज मी वेगळं सांगायला आलेय. काका सराव करत नाहीत. हवा गिळायची, ढेकरासारखी वर आणायची आणि तिच्यावर शब्द बसवायचा, एवढंच आहे. वयस्कर माणसंही शिकतात. पण रोज करावं लागतं. जितका उशीर, तितका तो घसा हट्टाला पेटतो.

काकू : आयुष्यभर जेवणानंतर भिंती हलतील असे ढेकर दिले. आता कामाला लावायचे म्हटलं तर ह्यांना शरम.

शिकवणारी : गळ्याला लावायचं यंत्रही दाखवलं मी. तेही नको म्हणाले. आणि माझ्याकडे दुसरी माणसं थांबलेली आहेत, काकू. शिकायची इच्छा असलेली. आज काका तयार झाले नाहीत, तर ह्यांची वेळ मला दुसऱ्याला द्यावी लागेल.

काकू : म्हणजे तुम्ही यायच्या बंद होणार?

शिकवणारी : मला आवडणार नाही, पण हो.

काकू : मग ते बोलणारच नाहीत. कधीच.

शिकवणारी : आपलं आपण येणं फार कठीण आहे.

काकू : अहो! ऐकलंत का आतून? ह्या बाई चालल्या. शेवटचं विचारतायत. शिकणार की नाही?

टीव्ही : माझा निर्णय झालाय. वर कळवा.

काकू : वर! वर कोण बसलंय? छपरावर टाकी आहे, तिला कळवू? बघा, ह्या माणसाचं असं आहे. गळ्यातली नळी रोज मी धुते. त्या भोकावरची पट्टी मी बदलते, माझ्या हाताला हात लावत नाहीत, भिंतीकडे बघत बसतात. आणि मिजास गॉगलवाल्याची.

शिकवणारी : काकू, एक विचारू? सुरुवातीला ते करत होते सराव. चांगला करत होते. एके दिवशी आवाज निघालाही. तुम्ही स्वयंपाकघरातून धावत आलात, आठवतं?

काकू : न आठवायला काय झालं? हातात उलथनं होतं. मागे तव्यावरची पोळी करपली.

शिकवणारी : त्या दिवसानंतर थांबवलं त्यांनी. मी कितीदा विचारलं. गेल्या वेळी शेवटी खुणेनं सांगितलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं आणि स्वतःचं तोंड असं... आंबट खाल्ल्यासारखं करून दाखवलं. तुमचं तोंड. तुम्हाला किळस आली, असं त्यांना वाटलंय.

काकू : काय?

शिकवणारी : त्यांच्या मनात ते बसलंय.

काकू : किळस? मला? ज्या बाईनं ह्यांचा कफ ओंजळीत धरला, तिला किळस?

शिकवणारी : मग काय झालं होतं तेव्हा?

काकू : (झाकलेल्या ताटावरचं झाकण उगाच सरळ करते.)

शिकवणारी : राहू दे, काकू. नसेल सांगायचं तर...

काकू : सांगते. पाणी द्या ते. हे सकाळी उठायचे ना, तेव्हा चूळ भरण्याआधी एक हाक मारायचे. 'अगं' पूर्ण नाही. नुसतं 'अं...ग'. घोगरं, चिकट, खरवडल्यासारखं. त्या काळोख्या खोलीत जाण्याआधीचा आवाज. गुळण्या केल्या की तो जायचा आणि मग दिवसभर घसा राखायचा. तेवढा एक माझा होता. तो कुणी भाड्यानं घेतला नाही, कुणी टाळ्या दिल्या नाहीत. शेजारणीनं ऐकला असता तर म्हणाली असती, रेडा बसलाय की काय घरात.

शिकवणारी : आणि त्या दिवशी...

काकू : त्या दिवशी ह्यांच्या नरड्यातून जे आलं ते तसंच होतं. मी तव्यापाशी उभी होते, वेळ कुठली ते विसरले. मला वाटलं, उठले. मी 'आले आले' म्हणत धावले आणि दारात आल्यावर कळलं की आपण कशाला धावलो. मी रडत होते, बाई. रडताना माझं तोंड वाईटच दिसतं, लहानपणापासून. आई म्हणायची, हिला रडवू नका, बघवत नाही.

शिकवणारी : काकू...

काकू : ऑपरेशनला नेलं त्या सकाळी तर हाकसुद्धा नाही मारली. मी आधीच उठून पिशवी भरत होते ना. समोरच उभी, हाक कशाला मारतील? मला काय ठाऊक, ती शेवटची सकाळ. नंतर शोधला मी तो आवाज. हसू नका. लेकीच्या लग्नाची कॅसेट काढून लावायला सांगितली. त्यात आहेत हे. माझ्याकडे वळून काहीतरी म्हणतायत, ओठ हलतात, मी हसतेय. काय म्हणाले देव जाणे. त्या शहाण्या कॅमेरावाल्यानं बोलणं सगळं पुसून वर गाणी भरलीत. आणि ह्या गॉगलवाल्याचं बघा. ह्याचा श्वाससुद्धा जपून ठेवलाय. शिंकला तर शिंक आहे.

शिकवणारी : हे तुम्ही काकांना सांगितलंत?

काकू : हे काय सांगायचं असतं? नवऱ्याला?

शिकवणारी : सांगा काकू. आज, आत्ता. मी थांबते इथं. नाही तर मी आत येऊ?

काकू : या. साक्षीला या. नंतर म्हणायला नको, म्हातारीनं आपल्या मनचं रचलं.

(बैठकीची खोली. काकू टीव्ही आणि खुर्ची यांच्या मध्ये उभी राहते.)

काकू : बघा इकडे. माझ्याकडे. पट्टी सरकलीय, ती नंतर नीट करते. ह्या बाईंनी सांगितलं मला. मला किळस आली म्हणून तुम्ही बोलणं टाकलंत? इतकी वर्षं माझं तोंड बघताय आणि रडणं कुठलं, किळस कुठली, एवढं ओळखता येईना? मी रडले. तुमच्या आवाजाला रडले. आता रिमोट कशाला उचलताय? ठेवा तो. मी बोलतेय.

शिकवणारी : थांबा काकू, ते काहीतरी शोधतायत. बघा, सीडी बदलली.

काकू : शोधू द्या. ह्यात माझ्यासाठी काही सापडायचं नाही. त्या गॉगलवाल्याला बायको नव्हतीच. घर नव्हतं, आजारपण नव्हतं. 'जेवलीस का' असं तो कुणाला म्हणालाच नाही अख्ख्या डब्यात.

शिकवणारी : दवाखान्यातला प्रसंग आहे हा. मला आठवतो. काका, हाच हवाय का तुम्हाला? हं, मान हलवली. काकू, ऐका.

टीव्ही : तुझ्यासारखं माणूस मला पुन्हा मिळायचं नाही.

शिकवणारी : काकू, हे तुमच्यासाठी लावलंय त्यांनी. डोळे बघा त्यांचे.

काकू : बघतेय.

शिकवणारी : केवढ्या डब्यातून शोधून काढलं. मला तर रडू येतंय.

काकू : येणारच. तेव्हाही अख्खा गाव रडला होता. कुणाला म्हणतो तो हे? त्याच्या जोडीदाराला. तो पलंगावर मेलेला आहे, चादर ओढलीय वर. अहो, मी अजून उभी आहे. तुमच्यापासून हातभर लांब.

टीव्ही : तुझ्यासारखं माणूस मला...

काकू : पुन्हा नको. बंद करा. बाई, तुम्ही मधे पडू नका, त्यांचं ते करतील. बंद करा म्हणते ना मी. हं. आता ऐका. हा आवाज सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो माझा कधीच नव्हता, म्हणून तो गेल्याचं मला सुतक नाही. माझा होता सकाळचा, चूळ न भरलेला. तो मात्र गेला. तो कुठल्याही सीडीत नाही, लेकीला पाठवता येणार नाही आणि आता तुम्हालाही आणून देता येणार नाही. त्या दिवशी तुमच्या नरड्यातून त्यातला एक कण आला. एवढासा. द्यायचा असेल तर तो द्या मला, लोकांनी कानावर हात ठेवले तरी चालेल. नाही जमलं, नाही सोसलं, तर मुके राहा. जबरदस्ती नाही. मुक्या माणसाशेजारी बसायची मला सवय आहे, बसेन शेवटपर्यंत. पण हा टीव्हीतला माणूस माझ्या घरात मला हाक मारायला लागला, तर मी ओ देणार नाही.