आमच्या तगादाबाई

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे अधीक्षक साहेब, आजच्या सत्कारमूर्ती, आणि चहाच्या दिशेने डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

शवागाराच्या डॉक्टरला भाषणाची सवय नसते. आमचे पेशंट मध्येच उठून जात नाहीत, पण टाळ्याही वाजवत नाहीत. तेव्हा सांभाळून घ्या.

शवविच्छेदन विभागाच्या हेडक्लार्क बाई आज निवृत्त होत आहेत. आम्ही त्यांना तगादाबाई म्हणतो. तोंडावर नाही. आज म्हणतोय, कारण उद्यापासून माझी रजा त्यांच्या हातात नाही!

या बाईंनी मला किती छळलं? एकच प्रसंग सांगतो. रंगाच्या कारखान्यातला एक फिटर कामावर असताना गेला. कारखाना म्हणाला, त्याचं हृदयच कमकुवत होतं, आमचा काय संबंध? शवविच्छेदन मी केलं होतं. डाव्या तळहातावर विजेच्या धक्क्याची खूण स्पष्ट होती. प्रयोगशाळेचा निकालही येऊन पडला होता. राहिला होता फक्त माझा अंतिम अहवाल. चार महिने! का? काही कारण नाही हो. सवडीने नीट लिहू, असं रोज म्हणत होतो. त्या कागदावाचून विमा कंपनी हलेना, भरपाईचा दावा सरकेना. फिटरची बायको दर मंगळवारी यायची आणि मी मागच्या दाराने सटकायचो.

सुनावणीची शेवटची तारीख सोमवार. रविवारी सकाळी मी सलूनमध्ये, तोंडभर फेस. आरशात पाहतो तर मागे बाई! हातात माझ्या टिपणांवरून टाइप केलेला अहवाल.

"डॉक्टर, ओळ न् ओळ वाचा. मृत्यूचं कारण तेवढं कोरं आहे. बोला."

"बाई, आज रविवार आहे!"

"तिकडे एक बाई चार महिने वार मोजतेय. बोला."

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. "साहेब, सांगून टाका. माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत."

अध्यक्ष महोदय, हसू नका. मी वाचलं, कारण सांगितलं, सही केली. सहीवर फेस सांडला.

सोमवारी कारखान्याच्या वकिलांनी कागद नाचवला. "हा डाग कसला, डॉक्टर?"

"दाढीच्या साबणाचा."

"आणि तळहातावरची खूण?"

"ती विजेची."

दावा मंजूर झाला.

नंतर फिटरची बायको कचेरीत आली. आता आभार मानेल म्हणून मी कॉलर सारखी केली. तिने विचारलं, "डॉक्टर, त्यांना फार त्रास झाला का हो?"

मी म्हणालो, "नाही, ताई. क्षणात गेले."

ती बाकावर बसली आणि हमसून रडू लागली. "मला वाटायचं, ते हाका मारत राहिले असतील, आणि कुणाला ऐकू आलं नसेल."

तेवढं एक वाक्य मी चार महिने टेबलाच्या खणात कोंडून ठेवलं होतं. तगादाबाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

असो. बाई, तुम्हाला विश्रांती लाभो. आयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही वाकडंतिकडं गेलं असेल तर पोटात घाला. त्या चार महिन्यांची माफी मात्र मी या सभागृहाकडे मागत नाही. ती जिच्याकडे मागायची होती, तिच्याकडे मागितली आहे. तिने अजून उत्तर दिलेलं नाही.