साहेबांनी सोडलं नाही म्हणे

— नाही, सभापती आत्ता म्हणतात. मी लागलो तेव्हा प्रेसिडेंट होते, मग स्पीकर झाले. खुर्ची तीच. तुमच्या स्मरणिकेत असं लिहा — मारुतराव पट्टेवाल्यानं पुण्याच्या कौन्सिल हॉलात बत्तीस वर्षं ती खुर्ची मागं ओढली, पुढं सारली. नीट बसा, त्या बाजेची सुतळी सैल आहे. एक साहेब बसताना कोट सावरायचे, तेवढं थांबायचं. एकांना घंटा आवडत नसे, पेन्सिल आपटायचे, तेवढ्यानं सभासद गप्प. एक तर अंदाजपत्रकाला डुलक्या काढायचे — हे लिहू नका. लिहिलंत? खोडा. सगळे चांगले होते का? असतील. मला मागून मानच दिसायची, मानेवरून माणसाचं काय ठरवणार.

तुम्ही विचारायला वेगळंच आलात, कळलं मला. घरात बायको शेवटच्या घटका मोजतेय आणि साहेबांनी पट्टेवाल्याला सोडलं नाही, हेच ना? इंदूनं सांगितलं असेल. माझी मुलगी, तळेगावच्या शाळेत शिकवते. सात वर्षं सगळ्यांना तेच सांगते. चहा घ्या, निवतोय.

आमची रीत सांगतो आधी. सभागृह चालू असताना दारात चिठ्ठी आली की ती घ्यायची, वाकून साहेबांच्या टेबलावर ठेवायची, वर काचेचं वजन. पट्टेवाल्यानं चिठ्ठीकडे बघायचं नाही. वाचता येतं हो मला, चौथी झालोय — पण नजरच टाकायची नाही. हाताला वळण पडतं. लोक मला त्यासाठी मानायचे. त्या दिवशी दारावरच्या शिपायानं एक चिठ्ठी दिली. आमचे शेजारी कोंडाजी चिंचवडहून सायकल मारत घेऊन आले होते, त्यांना आत कोण सोडणार? चिठ्ठीवर माझं नाव होतं. मोठं, इंदूच्या अक्षरात. मी ती न बघताच टेबलावर ठेवली — साडेबाराला. तेव्हाच्या साहेबांचा नियम, कामकाज संपेतो चिठ्ठ्यांना हात लावायचा नाही. मी मागं उभा. पाचला त्यांनी एकेक उघडली. म्हणाले, मारुतराव, ही तुमची आहे. स्वतःची मोटार दिली त्यांनी. न सोडायला काय झालं होतं — मोटार दिली. रुक्मिणी तीनला गेली होती. दोनपर्यंत शुद्धीवर होती म्हणे, दाराकडे बघत होती. इंदूनं उंबऱ्यातच विचारलं, तुम्हाला सोडलं नाही का त्यांनी? मी म्हटलं, नाही. तेवढंच. पुढचं सगळं तिनं जुळवलं, मी ऐकत राहिलो.

साहेबही गेले आता. कोण विचारायला येतंय — तुमच्या मनात तसंच असेल तर तसंच छापा. थांबा. खोडा ते. लिहा, मारुतरावांनी रजा मागितलीच नव्हती. चिठ्ठी साडेबाराला त्यांच्याच हातात आली, त्यांनी ती बघितली नाही. होय, माझ्या नावासकट छापा. वाचून दाखवा. हं.

छापून आलं की एक प्रत इथं पाठवा, इंदूच्या नावानं. मला बारीक अक्षर दिसत नाही. संध्याकाळी तीच वाचून दाखवते मला, पेपरसुद्धा. हेही वाचेल.

निघा आता, तिची गाडी येईल. स्टेशनवर भेटली तर काही बोलू नका.