चंद्राबाई कासारीण थांबली!

मंडळी, ऐका! एकच प्रश्न विचारतो, पण खरं सांगायचं हं — लेकरू अडलं, तर आईनं काय करावं? "मदत करावी!" बघा, सगळ्यांच्या माना हलल्या! मग ऐकाच सुधाकर सरांची गोष्ट!

सुधाकर अंदुरे! मोठे व्याख्याते! विषय एकच — 'संकटाला भिडा!' अंगात जॅकेट, गालावर आलेला माइक, मागे पडद्यावर वाघ! सर संकटाला भिडायचे, पण थंडगार सभागृहातच! आणि आईचा विषय निघाला की डोळ्याला रुमाल — दर व्याख्यानात, बरोबर विसाव्या मिनिटाला! "माझी माता, मित्रहो, काचउद्योगातली उद्योजिका!"

आता खरं सांगू? चंद्राबाई आठवड्याच्या बाजारात बांगड्या भरायची! कासारीण! यात लाजायचं काय, ते सरांनाच ठाऊक.

तर गावात सरांचा सत्कार ठरला. शाल, नारळ, आणि पहिल्या रांगेत चंद्राबाई! सर उभे राहिले. आईनं नुसती मान वर करून पाहिलं — आणि तिच्यादेखत 'उद्योजिका' काही तोंडातून निघेना! "माझी आई बां... बां..." शब्द अडला!

अहो, सर लहानपणी अडखळत बोलायचे! वीस वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि आज पाचशे माणसांपुढे तेच!

मग काय! मदतीला आपली माणसं केवढी तत्पर! सरपंच ओरडले, "बांधकाम!" मागून कुणी, "बांधिलकी!" अध्यक्षांनी तर वाट न बघता टाळ्याच सुरू केल्या!

चंद्राबाई उठली.

"गप बसा समदी! येतंय त्याला. म्हणंल तो."

आणि सरांना तो बाजार आठवला. सात वर्षांचा सुधा. आई म्हणायची, "बांगड्या घ्या, अशी हाळी तू द्यायची." सुधा 'बां'वरच अडायचा! इकडे गिऱ्हाइकाचा हात आईच्या हातात, बांगडी अर्धी चढलेली. बाई वैतागायची, "अगं, सांग की त्याला! उशीर होतोय मला!"

"थांबा वहिनी, पोरगं बोलतंय."

आणि चंद्राबाई गिऱ्हाइकाचा हात चोळत बसायची, हळूहळू. जोर लावला की काच फुटते, मंडळी! कधी गिऱ्हाईक उठून जायचं. गेलं तर गेलं! पण आयता शब्द तिनं लेकाला एकदाही दिला नाही!

सरांनी गालावरचा माइक काढून ठेवला. "माझी आई बां... बांगड्या भरते. मला बोलायला तिनं शिकवलं." आणि ढसाढसा रडले! घड्याळ बघा — विसावं मिनिट अजून लांब होतं!

हसताय काय? आता तुमच्याकडेच वळतो! पोराच्या शाळेचा प्रकल्प कोण चिकटवतं? पाहुण्यांनी पोराला नाव विचारलं की उत्तर कोण देतं? तुम्हीच ना!

आणि आणखी एक. तुमची आई आता थकली. जेवताना एखादं नाव आठवत बसते. तुम्ही काय म्हणता? "राहू दे गं, कळलं!" अहो, तुमच्या पहिल्या शब्दासाठी ती वर्षभर तोंडाकडे बघत बसली होती! आज घरी जा. ती बोलता बोलता अडली, तर घास हातातच धरा — आणि थांबा!