कार्डातली मेघाली

मृणाली : राहीमावशी, फॉरमॅट म्हणजे सगळं पुसलं जाणार हं. नक्की मारू?

राहीबाई : मार. तेवढ्यासाठीच पडघ्यावरनं रिक्षात चेंगरत धामणकर नाक्याला तुज्या दुकानात आले मी.

मृणाली : पण हे मेमरी कार्ड कुणाचं आहे?

राहीबाई : माज्या भाच्याचं, भाविक डीजेचं. तो जेवाया बसला, तवर त्याच्या स्पीकरच्या डब्यातनं काढून आणलं.

मृणाली : चोरलंत?

राहीबाई : त्याच्यात माजा आवाज हाय. आपलीच वस्तू कोण चोरतं का?

मृणाली : (स्क्रीनकडे बघत) अगंबाई, बत्तीस धवले! सगळे तुम्हीच गायलेत?

राहीबाई : चाळीस वर्सं धवलारीण हाय मी, पोरी. लग्नाचे धवले गायल्याबिगर आमच्यात नवरीला हळद लागत न्हाय. मेघाली म्हणून पोर व्हती, तिच्या लग्नात भाविकनं सगळं कार्डात भरून घेतलं. मी म्हटलं, पोराला कवतिक हाय. आता जिथं तिथं कार्डच वाजवतो मेला! गेल्या लग्नात मला खुर्चीवर बसवलं, हातात थंडा दिला, आन् माजाच आवाज त्या डब्यात बोंबलतोय!

मृणाली : मग मजाच की. थंडा फुकट आणि गळ्याला सुट्टी.

राहीबाई : हस तू, हस. एक लावून बघ.

मृणाली : लावते... काय खणखणीत आवाज आहे! ‘मेघाली नवरी बसली पाटावरी’... छान आहे हो.

राहीबाई : छानच हाय. पण त्या लग्नात पाटावर अपूर्वा बसलेली!

मृणाली : म्हणजे?

राहीबाई : धवल्यात नवरीचं नाव घ्यावं लागतं, नवऱ्याचं, आईबापाचं. कार्डाला काय कळतंय? मेघालीचं पोर रांगाया लागलं, तरी ह्ये कार्ड तिला दर लग्नात परत पाटावर बसवतंय!

मृणाली : अरे देवा! आणि कुणीच काही बोललं नाही?

राहीबाई : त्या ढणढणाटात ऐकतो कोण? नवरी तेवढी माज्याकडं टकामका बघत व्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या कशेळीला तनया म्हणून पोर हाय, तिची हळद. दुसरीच्या नावानं न्हाय लागू देणार मी. मार ते बटण.

मृणाली : थांबा, तुमचा फोन वाजतोय. भाविकच आहे. स्पीकरवर टाकते.

भाविक : आत्या, कार्ड तूच नेलंस ना? यार, उद्या कशेळीची ऑर्डर हाय! दुसरी कॉपी पण नाय माझ्याकडे!

राहीबाई : न्हाय ना? बेस झालं. दुकानातल्या पोरीकडनं फॉरमॅट मारून घेतेय ते. उद्याच्या नवऱ्याचं नाव काय रं?

भाविक : अनय.

राहीबाई : आन् कार्डात कोण हाय?

भाविक : कार्डात... कुणाल. आयला!

राहीबाई : मंग? तनयाचं लगीन मेघालीच्या नवऱ्याशी लावतोस?

भाविक : कसम से आत्या, माझ्या ध्यानातच नाय आलं. तरीच अपूर्वाचा बाप निघताना माझ्याकडे खाऊ का गिळू बघत होता! मग असं कर, उद्या तूच ये. टेम्पो पाठवतो.

राहीबाई : टेम्पोत तुजे डबे बसव. मला रिक्षा पाठव. आन् थंडा नको, गरम पाणी ठेव.

भाविक : ठेवतो माझे आई. मॅडम, मारा तुम्ही फॉरमॅट.

मृणाली : आधी मेघालीचे धवले पेनड्राईव्हवर घेते. तिच्या घरी नेऊन द्या, तिचेच आहेत ते. ...हं. झालं, मावशी. कार्ड कोरं.

राहीबाई : आता नावं सांग, भाविक, म्हंजे रातभर घोकते. नवरी तनया, नवरा अनय. तिचा बाप?

भाविक : हरी.

राहीबाई : आई?

भाविक : आई नाय तिला. दोन वर्षं झाली जाऊन. ती ओळ सोडून दे ना आत्या, उगाच रडारड होईल.

राहीबाई : होऊ दे. आईला सोडून पोरीला हळद लावू व्हय? नाव सांग तिचं.

भाविक : माधवी.

राहीबाई : माधवी. तिच्यापासनंच सुरू करते.