तीनचा चहा

जळगावच्या एका दवाखान्यात पुढच्या बाकावर कॉलेजातली मुलगी आणि एक अक्का बसल्या होत्या. दोघींच्या हातात अर्धशिशीच्या एकाच गोळीचं पाकीट.

"अक्का, एवढी पाकिटं? मला तर आठवड्यातून दोन दिवसांच्या वर घेऊ नको म्हणालेत."

"मी एकटी कुठे खाते? डाळमिलमधल्या बठ्ठ्या बायांना देते, एकीलाही सोडत नाही. धुळीनं डोकं धरतं ना."

"तुम्हाला लिहून दिलेली गोळी?"

"गुण येतो, मग द्यायला काय? आज तर आमच्या मुकादमांचंही डोकं धरलं. म्हटलं, छगनभाऊ, मिलमध्ये ठेवलेल्या माझ्या डबीतली एक काढा आणि तीनच्या चहासोबत घ्या. भला माणूस. दिवाळीत हृदयात स्प्रिंग टाकली, तरी कामावर येतो."

"अक्का! ही गोळी रक्ताच्या नळ्या आवळते. हृदयाच्या पेशंटला चालतच नाही! डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, हृदयाचा त्रास आहे का म्हणून?"

"विचारलं होतं. मला नाही ना."

"फोन लावा त्यांना. आत्ताच्या आत्ता!"

"लावते... वाजतोय. उचलत नाहीत."

"परत लावा."

"पोरी, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. त्या घड्याळात किती वाजले?"

"सव्वातीन."