इकडील सर्व खुशाल

(वसमत, २००४. फारुकच्या दुकानातला कॉम्प्युटर. त्याच्यापुढे घरातली हलीमा आणि तांड्यावरून आलेली दिपा. आतल्या घरात कुकरची शिट्टी होते.)

हलीमा : शिजू दे ते. निता, बेटा, आत आफिफासंगं खेळ जा. हं, दिपा. ई-मेलच्या विषयाच्या रकान्यात हे तूच लिवलंस?

दिपा : व्हय आपा. परवा तुमी न्हवत्या, फारुकभाईंनी बसवून दिलं. एक-एक अक्षर हुडकून लिवलं. त्या यादीत चारशे आईबाप हायेत म्हणे, समद्यांची लेकरं निताच्याच आजाराची. आन् जबाब आला एक.

हलीमा : काय आला?

दिपा : 'आम्हीही खुशाल.'

हलीमा : मग त्याचं काय चुकलं? तू विषय घातला, 'इकडील सर्व खुशाल'. चारशे जणांनी वाचला, बरं वाटलं, पुढं गेले.

दिपा : उघडून बघायचं ना! खाली लिवलंय की समदं.

हलीमा : कुठं खाली? रामसिंगबापूंचा नमस्कार, जमनाबाईंचा आशीर्वाद, म्हैस व्याली, वगार झाली... औषध चोविसाव्या ओळीत हाय, माय!

दिपा : तांड्यावरचं पत्र असंच असतंय. खुशाली न लिवता सुरू झालं की पुढचं वाचायच्या आदी बाया रडाय लागतात. मयताचं पत्र तसं असतंय, आपा. माझ्या लेकराचं मी तसं काहून लिवू?

हलीमा : ...गोळ्या किती राहिल्या?

दिपा : सोमवार सकाळपातूर. नांदेडला न्हाईत, परभणीला न्हाईत. डॉक्टर म्हणले, एक दिवस खाडा नको.

हलीमा : आन् आज शुक्रवार. सरक, मी लिवते.

दिपा : आजाराचं नाव नका घालू. आमी घरातबी घेत न्हाई.

हलीमा : घरात नको घेऊ. पण तिकडं तुझ्यासारखीच एक आई बसली आसंल, चुलीवर दूध ठेवून. तिला रोज पन्नास पत्रं. ती एक ओळ वाचून तिनं गोळ्यांच्या डब्यात हात घातला पाहिजे. ऐक. 'पेनिसिलामिन कॅप्सूल तातडीने हव्यात. विल्सनचा आजार, मुलगी, वय सात, वसमत. साठा सोमवार सकाळपर्यंत.'

दिपा : शेवटचं खोडा.

हलीमा : त्याच्यानंच तर उघडतील.

दिपा : खोडा म्हणते ना! आसं उघडंवाघडं...

हलीमा : दिपा. खुशाली लिवून दोन दिवस गेले.

दिपा : ...मंग आत तरी वर खुशाल लिवा.

हलीमा : आत वर दुकानाचा फोन नंबर. खुशाली खाली. जमनाबाईंचा आशीर्वाद घालते, म्हशीलाबी ठेवते. बस्?

दिपा : वगार झाली म्हून लिवा.

हलीमा : लिवलं. बटन मी दाबू?

दिपा : न्हाई. माझं लेकरू हाय. कोणतं? हे?

हलीमा : हेच. ...गेलं.

निता : आपा, ते पुन्ना वाचा ना. वय सातवालं.

हलीमा : या अल्ला! तू कवा येऊन उभी राहिलीस गं?

निता : याडी, ती मुलगी म्हंजे मीच ना?

दिपा : व्हय, बाळा. तूच.

निता : मंग सोमवारी दुपारी काय?